उतारावर बॅटरी भरेना

घाटमाथ्यावरच्या चार्जिंग केंद्रातल्या यंत्रमानवाने गाडीभोवती तिसरी फेरी मारली. डॉक्टर पोट तपासतात तसे त्याने दोन्ही बाजूंचे पत्रे चाचपले आणि शांतपणे सांगितले, "क्षमस्व. आपल्या गाडीला प्लग लावायची जागा सापडत नाही."

"नाहीच आहे रे ती!" केतकीचे बाबा वैतागले. "ही जुनी हायब्रिड आहे. हिला पेट्रोलच लागतं. इथला पंप कुठं गेला?"

"पंप मागच्या महिन्यात बंद झाला. आपण चहा घेणार का?"

एरवी केतकी खो खो हसली असती. पण तिच्या मांडीवरच्या पेटीतून पुन्हा तो आवाज आला. टक्. मग बराच वेळ काहीच नाही.

पेटीत गिधाडाचे अंडे होते. पठारावरचे झाड वादळात पडले आणि वनरक्षकांनी घरट्यातले अंडे उबवणी पेटीत (अंड्याला योग्य ऊब देणाऱ्या पेटीत) ठेवले. केतकीची आई घाटाखालच्या गिधाड-संवर्धन केंद्रात पशुवैद्य होती. केंद्राची एकुलती एक गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून बाबा, आत्या आणि केतकी अंडे घेऊन निघाले होते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, हे केतकीला आईने कितीदा तरी सांगितले होते.

तेवढ्यात आईचा फोन आला. टक् आवाजाबद्दल ऐकताच तिचा स्वर बदलला. "पिल्लू आतून कवच टोचतंय. ते अडकलं तर मला सोडवावं लागेल. वाटेत थांबू नका."

बाबांनी पडद्याकडे पाहिले. उरलेले पेट्रोल नऊ किलोमीटरचे. घाट संपल्यावर आईचे केंद्र आणखी चौदा किलोमीटर.

"घाटात पेट्रोल लागणार नाही, सगळा उतारच आहे," ते म्हणाले. "पण खाली गेल्यावर काय?"

"खाली बॅटरी आहे की!" मागच्या सीटवरून आत्या म्हणाली. आत्या चांद्रगाड्यांच्या वीजव्यवस्थेवर काम करायची. "चढताना ती रिकामी झालीय, पण उतरताना भरेल. चार-पाच किलोमीटर सहज निघतील. चल, दादा."

"प्लग न लावताच भरेल?" केतकीने विचारले.

"तुझ्या सायकलच्या दिव्याला डायनॅमो आहे ना? तो चाकाला टेकवला की पेडल जड का होतं?"

"कारण... दिव्याची वीज माझ्या पायांच्या ताकदीतून येते."

"शाब्बास. या गाडीची मोटर तशीच आहे. वीज दिली की ती चाक फिरवते. उलट, उतारावर चाक तिला फिरवतं, तेव्हा ती जनित्र (वीज तयार करणारं यंत्र) बनते. वीज बॅटरीत जाते आणि चाकही जड होऊन गाडी आवरते. याला पुनर्जनन ब्रेक म्हणतात."

"आणि चाकाला ती ताकद कुठून मिळते?"

"उंचीमुळे. इथवर चढायला जे पेट्रोल जाळलं, त्यातला काही भाग स्थितिज ऊर्जा (उंचीवरच्या वस्तूत साठलेली ऊर्जा) होऊन गाडीत बसलाय. उतरताना तो परत घ्यायचा."

केतकीला हायसे वाटले. ती पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्यांकडे बघत बसली. दोन पट्ट्या होत्या. पहिले वळण गेले, दुसरे गेले, दरीतले धरणाचे पाणी दिसू लागले. पट्ट्या दोनच. मग एक विझली.

"आत्या, कमी झाली!"

"एसी आणि पेटी तिच्यावरच चालू आहेत. पण भरायला तर हवी होती..." आत्या पुढे झुकली. "जुनी बॅटरी दगा देतेय की काय?"

बाबांनी एसी बंद केला. पेटीतही आता काही वाजत नव्हते. केतकीने पेटीच्या काचेला कान लावला, तरी काही ऐकू आले नाही. खिडकी उघडताच आत जळका वास आला.

"ब्रेकचा वास," बाबा पुटपुटले. "घाटात येतोच."

केतकी विचार करू लागली. शहरात सिग्नलला बाबांनी ब्रेक दाबला की पडद्यावर चाकाकडून बॅटरीकडे हिरवा बाण धावायचा. आता बाबा सारखा ब्रेक दाबत होते आणि बाण एकदाही आला नव्हता.

"आत्या, ब्रेकमधून वीज मिळते, तर मग हा वास कसला?"

"वास म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाच्या तबकडीवर घासून तापलेत. म्हणजे आपली सगळी ऊर्जा उष्णता होऊन हवेत..." आत्या मध्येच थांबली. "म्हणजे मोटर कामच करत नाहीये!"

केतकीची नजर बाबांच्या डाव्या हातावर गेली. तो गिअरच्या दांड्यावर होता. शेजारी 'एन' हे अक्षर पेटलेले.

"बाबा, 'एन' म्हणजे?"

"न्यूट्रल. उतार लागला की न्यूट्रल टाकायचं. तुझ्या आजोबांनी मला जीपवर शिकवलंय. पेट्रोल वाचतं, ॲव्हरेज वाढतं."

"दादा!" आत्या ओरडली. "न्यूट्रलमध्ये मोटरला तू सुट्टी दिलीस! गाडी नुसती घरंगळतेय. आणि जीपवरही ते धोक्याचंच होतं, सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणूनच दीड वर्षात पॅड झिजले ना तुझे? आणि भांडलास त्या गॅरेजवाल्याशी!"

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी गिअर 'डी'वर घेतला. गाडी आपोआप आवरली, जणू मागून कोणी हलकेच धरले. पडद्यावर हिरवा बाण धावला.

"म्हणून घाटातून गावाला जाताना ही कमी ॲव्हरेज देते," बाबा हळूच म्हणाले, "आणि शहरातल्या गर्दीत जास्त. मला वाटायचं, मीटरच बिघडलाय."

"गर्दीत ब्रेक जास्त लागतो, पण तिथं तू न्यूट्रल टाकत नाहीस," केतकी म्हणाली.

अर्धा घाट फुकट गेला होता. उरलेल्या अर्ध्यात एकेक पट्टी चढत गेली आणि पायथ्याला पाच पट्ट्या झाल्या. सपाट रस्ता दिसताच बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर जोरात दाबला गेला.

"हळू, दादा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. चाळीसनं चल."

"पण पिल्लू?"

"वाटेत बंद पडलो तर कधीच पोहोचणार नाही."

घाई असताना हळू जाणे किती कठीण असते, ते केतकीला त्या दिवशी कळले. एक बैलगाडी पुढे दिसली तेव्हा बाबांनी लांबूनच पाय उचलला. थोडी वीज परत आली. कधी इंजिन, कधी मोटर, असे करत गाडी सरकत राहिली. मग इंजिनाला एक आचका बसला आणि ते गप्प झाले. पेट्रोल संपले होते. शेवटच्या दोन पट्ट्यांवर, अगदी आवाज न करता, गाडी केंद्राच्या फाटकातून आत शिरली.

आई धावत आली आणि पेटी घेऊन आत गेली.

तपासणीच्या खोलीच्या काचेबाहेर तिघे उभे राहिले. आईच्या हातात चिमटा होता. ती कवचाचे कण एकेक करून उचलत होती आणि मध्येच थांबत होती. ती थांबली की केतकीचा श्वासही अडकायचा.

"आत्या," भीती विसरावी म्हणून केतकीने विचारले, "घाटातून रेल्वे उतरते, तिचीही वीज परत मिळते?"

"मिळते. विजेवरची काही इंजिनं ती तारेत सोडतात, आणि चढणारी दुसरी गाडी ती वापरू शकते. चंद्रावरच्या खोल विवरांत माणसं आणि जड ओझी जातील, तेव्हा हेच जमवायचंय आम्हाला. उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वर न्यायचं. ते गणित अजून सुटलेलं नाही. तू ये सोडवायला."

केतकी उत्तर देणार, तोच आईने मान वर केली. तिच्या तळहातावर ओलेचिंब, राखाडी, वाकड्या मानेचे काहीतरी होते. ते हलत नव्हते. आईने टॉवेलने त्याची पाठ हळूहळू चोळली. पुन्हा चोळली.

मग त्याने चोच उघडली आणि काचेपलीकडूनही ऐकू जाईल एवढ्या कर्कश आवाजात ओरडायला सुरुवात केली.

"काय भयंकर दिसतंय गं!" बाबा डोळे पुसत म्हणाले.

"भूक लागलीय त्याला," केतकी म्हणाली.