तीस हात खोल विहिरीचं तापमान

१९७४ च्या उन्हाळ्यात इंझोरीला आमच्या वस्तीच्या विहिरीवर एक अनोळखी तरुण कमरेपर्यंत आत वाकलेला दिसला. मी घागर टाकली आणि मागून त्याचा सदरा घट्ट धरला.

"जीव द्याचा असंन त दुसरी विहीर पाहा! हे पेयाचं पाणी हाय!"

"अवो, मी… थर्मामीटर सोडून राह्यलो!"

हा शेजारच्या प्रयागबाईंचा भाचा, जगदेव. नागपूरला भौतिकशास्त्रात संशोधन करायचा, सुटीवर आला होता. ओढाताणीत सदरा फाटला. मी शिवून दिला… आणि मग रोजच विहिरीवर गाठ पडू लागली.

"उष्णतेले बी वजन असते," तो सांगायचा. "म्हणून सारं स्थिर झालं, तरी तळ वरच्यापेक्षा जरासा गरम राह्यते. अन् तरी उष्णता तिथून वर वाहत नाही."

"मंग तळाचं पाणी थंडगार काहून लागते?"

"ही विहीर स्थिर कुठं हाय? वरून ऊन, बाजूनं झरे… अन् तुमी सारखी घागर बुडवता."

"म्हंजे दोष माहाच! पण थर्मामीटरात तो फरक दिसते का?"

"नाही. तेवढं बारीक मोजणारं थर्मामीटर जगात नाही."

"मंग सोडता कायले?"

"पहिल्या दिवशी मावशीनं हट्ट धरला, मोजून दाखव म्हणून. आता…" तो कानापर्यंत लाल झाला. "आता तुमी येता म्हणून."

इकडे बाबांनी कारंज्याच्या एका स्थळाला होकार द्यायचं ठरवलं. मी जगदेवला गाठलं. "उद्या पत्र जाते. बोलाचं असंन त आजच बोला!"

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर आला. घाबरून अर्धा तास उष्णतेवरच बोलला, आणि एका दमात म्हणाला, "मले तुमच्या भागिरथासंगं लग्न कराचं हाय."

बाबांनी त्याला आधी खाली बसवलं. मग म्हणाले, "आपल्या विहिरीत तो फरक किती?"

दाराआड मी कपाळावर हात मारला. आता तरी थोडं वाढवून सांग रे, जगदेवा!

"शून्य अंश, दशांशचिन्हापुढं बारा शून्यं… मंग पाच."

बाबा बोटांवर शून्यं मोजत राहिले.

"एवढा बारीक फरक ज्याले समजते," ते शेवटी म्हणाले, "त्याले पोरीच्या मनातलं बी समजंन. राहू द्या ते पत्र."

बाबांचा अंदाज साफ चुकला. पन्नास वर्षं झाली, नवं पातळ नेसून पुढ्यात उभी राहिले तरी यांना कळत नाही. पण मी बोलायची थांबले, की हातातलं पुस्तक लगेच मिटून विचारतात, "काय झालं वो?"