डोकाव १.७

महेंद्रचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका गल्लीत होतं आणि दुपारी एक ते चार बंद असायचं. गिऱ्हाईक बाहेर कितीही बोंबललं तरी त्या तीन तासांत शटर वर जात नसे. त्या वेळात तो डबा खायचा आणि खुर्चीतच डुलकी काढायचा. गेल्या महिन्यापासून मात्र डुलकीला सुट्टी होती. माळ्यावरचा एकोणीसशे पंच्याण्णव सालचा कॉम्प्युटर त्याने खाली उतरवला होता.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधी महेंद्र ‘खाडी’ नावाचा बोर्ड चालवायचा. एक कॉम्प्युटर, त्याला फोनशी जोडणारा मोडेम आणि एक फोनची लाईन, एवढाच संसार. लोक आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून फोन लावायचे, एका वेळी एकच जण, निरोप ठेवायचे, फाईली न्यायचे. नियम महेंद्रचा होता: एक फाईल ठेवा, मगच एक न्या. लोक कसले बनेल! कसलीही रद्दी दाबून झिप करायचे, ती ठेवायचे आणि चांगला गेम घेऊन पसार व्हायचे. म्हणून रत्नदीपने ‘डोकाव’ लिहिला. दाबलेली फाईल न उघडताच आत काय भरलंय ते दाखवणारा छोटासा प्रोग्राम.

रत्नदीप कळव्याचा, महेंद्रचा जिवाभावाचा मित्र. दर महिना-दोन महिन्यांनी तो डोकावची नवी आवृत्ती काढायचा आणि सोबत ‘नवीन काय’ म्हणून चार ओळी जोडायचा, मराठीतच पण इंग्रजी अक्षरांत. ‘१.४: फ्लॉपीत मावेल तेवढीच फाईल चालेल. जास्त कोंबू नका.’ ही त्याची शेवटची आवृत्ती. सत्याण्णव साली काविळीने तो गेला, सत्ताविसाव्या वर्षी.

जायच्या आठवडाभर आधी त्याने आईसाठी आपला आवाज रेकॉर्ड केला होता आणि फ्लॉपी महेंद्रच्या हातात दिली होती. “एक कॉपी काढून ठेव रे. फ्लॉपीचा भरवसा नाय.”

“उद्या काढतो,” महेंद्र म्हणाला होता. तो उद्या काही उगवला नाही. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी लागली आणि फाईल अर्धी खराब झाली. अठ्ठावीस वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आतून मात्र ते त्याला रोज खात होतं.

आता केशरबाई, रत्नदीपची आई, ब्याऐंशीच्या होत्या आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. गेल्या महिन्यात महेंद्र भेटायला गेला तेव्हा त्या म्हणाल्या, “दीपूचं तोंड आठवतंय रे मला. आवाज इसरली मी.”

तेव्हा त्याने सगळं कबूल केलं, आणि काहीही करून तो आवाज ऐकवतो असा शब्दही दिला. केशरबाई रागावल्या नाहीत. उलट त्याच्या मोबाईलसमोर वाकून त्यांनी निरोप सांगितला. “दीपू, मी आई बोलते. जेवलास का रे?” जणू तो पलीकडच्या गल्लीतच राहत होता.

बुधवारी दुपारी महेंद्रने नेहमीप्रमाणे डोकाव चालू केला. पडद्यावर १.५ आलं.

‘नवीन काय: खराब फाईलीतही आता डोकावता येईल.’ खाली तारीख, त्याच बुधवारची. महेंद्र पुन्हा पुन्हा ती बघत राहिला. या कॉम्प्युटरच्या घड्याळाची बॅटरी कधीच मेली होती, चालू केला की तो एकोणीसशे ऐंशी साल दाखवायचा.

त्याने बुरशीची फ्लॉपी घातली. यादीत आवाजाची फाईल दिसली, अख्खी. पण डोकावचं काम दाखवण्यापुरतं होतं, काढून द्यायचं नव्हतं.

गुरुवारी १.६ आलं. ‘नवीन काय: फाईल काढूनही मिळेल. नियम माहितीये ना?’

महेंद्रचे हात थांबले नाहीत. त्याने जुनी बिलं, कुठली तरी चित्रं झिप करून पुढे केली. ज्या लबाडीवर तो जन्मभर डाफरला, तीच आता स्वतः करत होता.

‘आत रद्दी आहे,’ पडद्यावर उमटलं.

त्याच्याकडे खरं असं एकच होतं. केशरबाईंचा निरोप त्याने मोबाईलमधून घेतला, फ्लॉपीत मावेल इतका लहान केला आणि पुढे केला. मोडेमचा लाल दिवा लागला. मोडेमची वायर टेबलाखाली लोंबत होती, तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

मिनिटभराने दिवा विझला. आवाजाची फाईल आली होती. ती त्याने मोबाईलवर उतरवून घेतली.

मोबाईलमधला केशरबाईंचा निरोप त्याने सहज लावून पाहिला. चाळीस सेकंदांची शांतता होती.

शुक्रवारी सकाळी तो कळव्याला गेला. दार रचनाने, रत्नदीपच्या धाकट्या बहिणीने, उघडलं. “जय भीम, दादा. आईचा आवाज गेलाय. काल दुपारी बोलता बोलता बंदच पडली. डॉक्टर म्हणतात, घशाला काय झालेलं नाय.”

महेंद्रला मोबाईलमधली ती चाळीस सेकंदांची शांतता आठवली. तरी त्याने मोबाईल केशरबाईंच्या कानाशी धरला.

“आई,” रत्नदीप म्हणाला, “ऐकू आलं गं तुझं. जेवलो मी.”

रचनाने तोंडावर हात दाबला. केशरबाईंच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की महेंद्रला रडू आवरेना. अठ्ठावीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. केशरबाईंचे ओठ हलत होते, मुलाला काहीतरी विचारत होते. आवाज मात्र येत नव्हता.

कळव्याहून परतताना त्याने ठरवलं, तो कॉम्प्युटर परत लावायचा नाही. दुकानात गेल्या गेल्या त्याने प्लग काढला.

शनिवारी एक वाजता त्याने शटर खाली ओढलं. मागे वळला, तर पडदा उजळला होता.

डोकाव १.७.

‘नवीन काय: आकाराची मर्यादा काढली. आता कितीही मोठं चालेल.’

मोबाईल वाजला. रचना होती.

“दादा, दुकानातच आहात ना? आई पहाटेपासून नवी पांढरी साडी नेसून दारात बसलेली. हातानं सारखं तुमच्याकडे चल म्हणून दाखवत होती. ऐकेचना. शेवटी टॅक्सी करून आणलं हो तिला.”

“कुठे आणलंस?”

“बाहेरच उभ्या आहोत. शटर वर करा ना.”

शटरवर कुणीतरी हलक्या हाताने टकटक केलं.

त्याच्या पाठीमागे मोडेमचा लाल दिवा लागला.