एलुनेदचा विस्तव

दिवा जरा जवळ ओढ, पोरी. मी वाड्यावर कामाला होते, त्या दुपारी मला नुसता विस्तव आणायला धाडलं होतं. फाटकापाशी दोन खोल्यांचं घर होतं, त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. "कुणी भटक्या शिरला असेल," स्वयंपाकीणबाई म्हणाली, "जा मार्गेड, बादलीभर निखारे आण." बर्फ घोट्याच्या वर होतं. चालता चालता मनात आलं, त्या घरातून मिस एलुनेदला नेऊन आपण परवापरवाच पुरलं.

आमच्या वाड्याची, प्लास केलिनोगची, मोठी चूल तोवर कधी विझली नव्हती. पणज्याच्या पणज्यापासून तोच विस्तव. कोळशाचा चुरा चिकणमातीत मळायचा, रात्री त्यानं विस्तव लिंपायचा, मधे भोक ठेवायचं. सकाळी आत लाल जिवंत. घर बापाकडून मुलाकडे जायचं. नवा मालक पहिल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं विस्तव झाकायचा, तेवढा एकदाच. बाकी सगळ्या रात्री घरातल्या लेकींच्या. एलुनेद सात वर्षांची असल्यापासून झाकत होती. गवत कापायच्या यंत्रात उजव्या हाताची अनामिका अर्धी गेली, तरी तिनं एक रात्र चुकवली नाही.

बाप गेला आणि घर गेलं तिच्या वारलेल्या भावाच्या मुलाकडे, ऑस्बर्नकडे. लेकीला कसलं घर? तिनं त्याच्यापुढे मळलेल्या चुऱ्याची परात धरली.

"हात घाल, बाळा. मग घर तुझं."

"घर माझंच आहे, आत्या. मी मालक आहे, कोळसेवाला नाही."

त्यानं माझ्याच हातून पाणी ओतवलं चुलीवर. चूल अशी ओरडली, की अजून कानात आहे. त्याआधी एलुनेदनं बादलीत दोन निखारे उचलले आणि फाटकाकडे चालू लागली. तिला कुणी थांबवलं नाही. खोकल्यानं गेली बिचारी, हिवाळा अर्धासुद्धा पाहिला नाही.

आणि मग प्लासमध्ये काही पेटेना. काडी पेटायची, लाकूड पेटायचं नाही. नवी लोखंडी शेगडी नुसती धुमसायची. त्यातच ऑस्बर्नच्या बायकोला मुलगा झाला. पोर गारठून निळं पडत चाललं होतं.

फाटकाच्या घरात कुणी नव्हतं. विस्तव मात्र नीट लिंपलेला, चुरा अजून ओला. ओल्या मातीचा वास, आणि खोकल्यासाठी ती घ्यायची त्या मध-व्हिनेगरचा. मी निखारे उचलले, धावत आले. प्लासच्या उंबऱ्यात ते विझले. मी पुन्हा गेले. पुन्हा विझले.

"मला येऊ दे," ऑस्बर्न म्हणाला. अंधारून आलं होतं. कंदील घेऊन मी मागे.

फाटकाच्या घरात मळलेल्या चुऱ्याची परात चुलीपाशीच होती. मघाशी नव्हती ती…

"आत्या," तो हळूच म्हणाला, "एक निखारा दे. घरात लेकरू आहे गं."

त्यानं बाही वर केली, परातीत हात घातला. मग त्याचा चेहरा पांढरा झाला.

"सोड…"

"कोण आहे, साहेब?"

"सोड ना, आत्या… चुकलं…"

मला परातीत त्याच्या हाताशिवाय काही दिसलं नाही, शपथेवर सांगते. बऱ्याच वेळानं हात निघाला. त्यानं निखारे बादलीत घेतले, उरलेला विस्तव स्वतः झाकला; वाड्यावर नेलेले निखारे या वेळी जगले. पोर वाचलं.

पण ऑस्बर्नचा तो उजवा हात पुन्हा गरम झाला नाही. नखांतलं काळं निघालं नाही. तो मेला त्या रात्री त्याच्या मुलाचा उजवा हात गार पडला. ऑस्बर्नच्या मुलींचे हात ऊबदारच राहिले. त्यांना कुठे काही मिळायचं होतं!

परवा ऑस्बर्नचा नातू, आताचा मालक, येऊन गेला. प्लास विकलं हॉटेलवाल्यांना.

"सुटलो, मार्गेड आजी," हातमोजा काढत म्हणाला, "आता ते घर आमचं नाही."

"घर सुटलं रे," मी म्हटलं. त्याचा हात अजून बर्फच होता.

जाताना त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. केवढा पंजा त्याचा, तुझ्या बापाएवढा. तेव्हा माझ्या खांद्यावर होती ती पांढरी शाल खुंटीवर आहे, मी धुतली नाही. ने दिवा तिकडे. बघ तो काळा ठसा. लहानसा आहे, बाईचा. आणि अनामिका बघ… अर्धीच.