दाब… धर… सोड

राहू दे आता. टायर बसवा, ग्रीस भरा, स्प्रिंगच्या पाट्यांचे नट आवळा, काय हवं ते करा. ब्रेकची हवा मात्र उद्या उजेडात काढा. टॉर्चची गोष्ट नाही रे ती. टॉर्च त्याच्याकडेही होता. बसा जरा. जाताजाता चहा टाका कुणीतरी, आणि तो दिवा माझ्या डोळ्यांवरून बाजूला घ्या. का म्हणतो ते सांगतो.

पार्से गावात सगुण म्हणून माझ्या ओळखीचा माणूस. शाळेत कारकून होता. आता म्हापशाला मुलीकडे असतो. हे त्याने मला एकदाच सांगितलं, पुन्हा विचारायची सोय ठेवली नाही.

सगुण, कृष्णनाथ आणि यशवंत, तिघांकडे तीन जुन्या जीपा. डिचोलीकडच्या खाणींवर राबून राबून टाकून दिलेल्या. एकीचा पत्रा गेलेला, एकीला दुसऱ्याच गाडीचं इंजिन, तिसरीचं स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलं तरी चाकाला पत्ता नसायचा. पण चिखलात, ओहोळात, सड्याच्या खडकाळ माळावर, कुठेही घाला, बाहेर येणार. कृष्णनाथ बागायतदार, नारळ-काजूवाला. यशवंत पोस्टमन. शनिवार-रविवार तिघे सगुणच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडीत. मेकॅनिकचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. एकाची गाडी उघडली की तिघांचे हात काळे. सगुणच्या आईने चहा आणि उंडे पाव आणून दारात ठेवायचे आणि आत पाऊल न टाकता जायचं, कारण जमिनीवर सगळं तेल.

बारा वर्षं असं चाललं होतं. बारा वर्षांत कुणाचा कुणाशी वाद नाही.

हवा काढायचं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण हा पाहुणा आलाय त्याच्यासाठी सांगतो. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल पोकळ लागतं. ती काढायला दोघं लागतात. एक वर सीटवर, पेडलपाशी. दुसरा खाली चाकामागे, हातात छोटा पाना. खालचा म्हणतो, दाब. वरचा दोन-तीनदा पेडल मारतो. मग खालचा म्हणतो, धर. वरचा पेडल दाबून तसाच धरून ठेवतो. खालचा नट सैल करतो, हवा फसफसून बाहेर पडते, तो नट परत आवळतो. मग म्हणतो, सोड. त्याने सोड म्हणायच्या आधी वरच्याने पाय उचलला तर हवा परत आत, केलेलं वाया. आणि वरच्याला खालचा दिसत नाही. त्याने फक्त ऐकायचं.

वर नेहमी सगुण. खाली नेहमी कृष्णनाथ.

साल अठ्ठ्याण्णव. नोव्हेंबरची एकवीस तारीख, शनिवार. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी तिन्ही गाड्या घेऊन घरच्या माणसांसकट सड्यावर जेवण करायचं ठरलं होतं. सगुणची जीप चिऱ्यांवर आणि लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवलेली, चारही चाकं काढलेली, नुसते ब्रेकचे लोखंडी ड्रम उघडे. दिवसभर तिघांनी तिच्या ब्रेकचं काम केलं. संध्याकाळपर्यंत सगळं जोडून झालं. राहिली हवा.

दुपारी कृष्णनाथच्या जीपखाली सगुणला ओल दिसली होती. त्याने बोट लावून वास घेतला. ब्रेकचं तेल.

"कृष्णा, तुझी नळी झिरपता रे."

"दिसलं माका. आधी तुझी होवंदे. माझी उद्या सकाळी बघू."

"उद्या कित्याक? आताच करू या."

"अरे, पेडल लागता चांगलं. माका बायलेक माहेरसून आणूक जावचं आसा," म्हणून कृष्णनाथ हसला. त्याची बायको सुमंगला चार दिवस हळर्णला माहेरी होती. तिला आणायचं, येताना तिच्या भावाने घरी ठेवलेली ब्रेकच्या तेलाची बाटली घ्यायची, की हवा काढायला तेलही पुरलं. सहा वाजता तो निघाला. "आठ-साडेआठ धर," म्हणाला. "पाना खंय तरी ठेवू नको, परत शोधूक लागता."

यशवंत साडेसातला घरी गेला. जेवून येतो म्हणाला.

सगुण एकटाच राहिला. उरलेलं तेल त्याने ब्रेकच्या टाकीत ओतलं, हात पुसले. आठला दहा मिनिटं असताना वीज गेली. त्या दिवसांत जायचीच. त्याने टॉर्च लावून बॉनेटवर ठेवला. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो जीपच्या सीटवर जाऊन बसला. चाकं नसलेल्या गाडीत बसलं की होडीत बसल्यासारखं वाटतं. त्याला डुलकी लागली असेल. तसं तो म्हणतो. मला वाटत नाही.

मागून आवाज आला.

"दाब."

कृष्णनाथचा आवाज. डाव्या मागच्या चाकापाशी, खाली, जिथून तो नेहमी यायचा तिथूनच.

"कधी आयलंस? गाडयेचो आवाज पण नाय."

"दाब."

सगुणने पेडल मारलं. एक, दोन, तीन.

"धर."

धरलं.

"सोड."

सोडलं. बारा वर्षांची सवय. पाय विचार करत नाही. दोन वेळा, तीन वेळा असंच झालं. पेडल हळूहळू घट्ट होत होतं, म्हणजे हवा जात होती. सगुण मध्ये बोलत होता. वैनी आली काय, तेल मिळालं काय, यशवंत वाटेत दिसला काय. खालून काही नाही. कृष्णनाथ तोंडात टॉर्च धरून काम करायचा, तेव्हा बोलायचा नाही. म्हणून सगुणला आधी काही वाटलं नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. गाडीखाली उजेड नव्हता.

आणि पान्याचा आवाज नव्हता. लोखंडावर लोखंड लागतं तेव्हा टिक असा होतो ना, तो. एकदाही नाही.

"कृष्णा?"

"धर."

दाब म्हणाला नव्हता. थेट धर. सगुणने पाय दाबला. पेडल दगडासारखं लागलं. मग ते पायाखाली सरकू लागलं. वर नाही. खाली. कुणीतरी पलीकडून ओढून घेतल्यासारखं.

"काय झालं रे? नट चडच सैल केलंस?"

"धर… घट्ट धर."

आवाज बदलला होता. काम करणाऱ्या माणसाचा नव्हता. दात आवळलेला.

सगुणने दुसरा पायही पेडलवर ठेवला. पाठ सीटला लावली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी पकडलं आणि सगळं अंग पायात घातलं. पेडल थांबलं. पण त्यात काहीतरी थरथरत होतं. खाली उतारावर भरलेली गाडी थोपवताना थरथरतं तसं. त्याची जीप ठोकळ्यांवर उभी. चाकं भिंतीला. तरी पायाला ते कळत होतं.

"सगुण… धर…"

"धरलंय! धरलंय रे!"

त्याला उतरून बघायचं होतं. कृष्णनाथच्या अंगावर ड्रम पडला? ठोकळा सरकला? हात अडकला? पण पाय उचलला तर… काय होईल, ते त्याला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की त्याने सोड म्हटलेलं नाही.

त्याने आईला हाक मारली. घर वीस पावलांवर. आई ऐकायला कमी. यशवंतला हाक मारली. शेडीबाहेर फक्त रातकिडे.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. घड्याळ हातात होतं, हात स्टिअरिंगवर. मनगट फिरवायचीही हिंमत नव्हती. पोटऱ्या जळू लागल्या. मग मांड्या. घाम डोळ्यांत जात होता. जळल्याचा वास येत होता… कुठून, कळत नव्हतं.

"झालं काय?"

काही नाही.

"कृष्णा, सोडू काय?"

काही नाही…

"अरे बाबा, काय तरी बोल. माझो पाय…"

उजव्या पोटरीत गोळा आला. हाडापर्यंत. त्याने ओठ चावला. रक्त आलं. तरी धरलं. डावा पाय एकटाच धरत होता. तोही थरथरत होता…

"सोडू रे? कृष्णा… सोडू?"

शांत.

पाय घसरला.

पेडल धाडकन वर आलं. आणि मागून, चाकापासून, अगदी हळू…

"सोडलंस?"

राग नव्हता त्यात. तेच सगुण म्हणाला. राग असता तर बरं झालं असतं.

त्याच क्षणाला वीज आली. शेडीतला दिवा लागला. सगुण लंगडत खाली उतरला, हात टेकत मागे गेला. डाव्या चाकामागे कुणी नव्हतं. उजव्या चाकामागे नव्हतं. गाडीखाली नव्हतं. पाना खिळ्याला टांगलेला होता. बाहेर अंगणात कृष्णनाथची जीप नव्हती.

तो तिथेच बसला, तेलावर. पंधरा-वीस मिनिटांनी यशवंत धावत आला. सायकल त्याने रस्त्यावरच टाकली होती. तिठ्यावरच्या फोनबूथवर फोन आला होता. हळर्णहून येताना लांब उतार लागतो, तिथे कृष्णनाथची जीप खाली गेली.

सगुणने विचारलं नाही, कृष्णा कसा आहे.

गावातल्या एकाच्या टेम्पोतून दोघे गेले. रस्त्यावर माणसं, टॉर्च, दोर. जीप काजूच्या झाडांत उलटी, तीस-चाळीस फूट खाली. खाली उतरायला वाट नव्हती. उतरून करण्यासारखंही काही नव्हतं. सगुण तिथे उभा होता. बारा वर्षांत त्या गाडीचा एक नट असा नव्हता ज्याला त्याचा हात लागला नव्हता, आणि आता तो नुसता कठड्याशी उभा. कुणी त्याच्या हातात दोराचं टोक दिलं. ते धरून तो उभाच राहिला. एकाने शेवटी ते बोटांतून सोडवून घेतलं.

सुमंगला वर रस्त्याच्या कडेला बसली होती. कोपर सोललेले, कपाळाला खोक. बाकी धड.

ती बोलली ती बाराव्याला. माणसं पांगल्यावर सगुणला मागच्या पडवीत बोलावून घेतलं.

"भावजी, एक सांगूचं आसा तुमका. कोणाक सांगूक नाय मी."

सगुण तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"उतारार गाडी सुटली. ते पेडल मारतत, मारतत, लागनाच. गियर टाकूक गेले, तो पण पडाना. मगे ते बोंबलूक लागले. धर, धर म्हणून. माका वाटलं माका सांगतत. मी आपली समोरची दांडी धरली." ती थांबली. "मगे ऐकलं, तुमचं नाव घेय होते."

सगुणने पाय जवळ ओढून घेतले.

"आणि गाडी हळू झाली, भावजी. खरीच झाली. माणूस चलता तितकी. ते रडत होते की हसत होते, माका कळाक नाय. माका म्हणाले, उडी मार. मी म्हटलं, तुमी? म्हणाले, वळण आसा, स्टिअरिंग सोडूक जायना, पुढे सपाट लागता, थंय थांबतली, तू मार. मी मारली…"

सपाट रस्ता तिथून दोनशे पावलांवर. सगुणने नंतर मोजली.

"पडलंय, मान वर केलंय, तर गाडी एकदम सुटली. कोणी हात काढून घेतल्यासारखी. आणि त्याच घडयेक खाली वाड्यार लायटी आयल्यो."

मग तिने विचारलं.

"भावजी, त्या वेळार तुमी खंय होतात?"

"शेडीत," सगुण म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग पदराने तोंड पुसलं आणि आत गेली. ती आभार मानत होती की जाब विचारत होती, हे त्याला आजपर्यंत कळलेलं नाही.

सगुण शेडीत परत गेला नाही. महिनाभर जीप तशीच ठोकळ्यांवर. शेवटी यशवंत म्हणाला, अशी किती दिवस ठेवणार, चाकं तरी घालू, कुणाला देऊन टाकू. एका रविवारी दुपारी दोघे आत गेले. यशवंत सीटवर चढला आणि सवयीने पेडलवर पाय ठेवला. पेडल घट्ट. हवेचा बुडबुडा नाही.

"हवा कोणी काढली रे?"

सगुण भिंतीला टेकून उभा.

यशवंतला वाटलं, चाकं घालायच्या आधी ड्रम एकदा उघडून बघू. डाव्या मागच्या चाकाचा ड्रम निघेना. हातोडीने ठोकून ठोकून काढला. आतून काळी पूड सांडली, चुलीतली सांडते तशी. फिरत्या ड्रमला घासून चाक थांबवणारं लायनिंग आत उरलं नव्हतं. त्या शनिवारी सकाळी तिघांनी मिळून नवं कोरं बसवलं होतं. ते जळून, झिजून पत्र्याला टेकलं होतं.

यशवंत दुसरा ड्रम काढायला बसला. मग तिसरा. मग चौथा. चारही त्याने अंगणात नेले, उन्हात उताणे मांडले.

लोखंड फार तापलं की निळं पडतं. भरलेली गाडी मोठ्या घाटातून ब्रेकवर उतरवली तर असं होतं, असं जुने ड्रायव्हर सांगतात.

चारही ड्रम आतून निळे होते.