हाड खोटं बोलत नाही

मंगळाच्या नागरिकत्वाचा शपथविधी परवावर आला होता आणि कुमुदिनी घाग यांनी दोन फायली लावून ठेवल्या होत्या. एक स्वतःची, एक लेकीची, केतकीची. जन्मनोंद, घुमटातला रहिवासदाखला, फोटो, आणि प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती. मंगळावर एकोणीस वर्षं काढली तरी माणसाची ही खोड काही जात नाही. आता फक्त अस्थिदाखले यायचे होते. त्यांची काळजी बाईंनी कशाला करावी? ती तपासणी त्यांनीच तर शोधली होती.

सुरुवातीच्या काळात खोट्या रहिवासदाखल्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. तेव्हा बाईंनी नागरिकत्व समितीला समजावलं होतं, की माणसाचं हाड साधारण दहा वर्षांत नवं होतं आणि पोटात गेलेलं कॅल्शियम त्यात भरलं जातं. मंगळाच्या मातीतल्या कॅल्शियममध्ये जड-हलक्या अणूंचं प्रमाण पृथ्वीपेक्षा वेगळं असतं. तेव्हा हाड तपासा, माणूस कुठं राहिला ते कळेल. कागद खोटं बोलतो, हाड बोलत नाही. कागद आणि हाड यांत तफावत आली तर हाड खरं मानावं, हे कलमही बाईंच्याच हातचं होतं.

दाखले घेऊन डॉ. मुजावर स्वतः आले. ते बाईंचे जुने विद्यार्थी. आत येताच त्यांनी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं.

बाईंचं हाड नव्वद टक्के मंगळाचं निघालं होतं. केतकीचं एकाहत्तर टक्के पृथ्वीचं. म्हणजे कायद्याच्या हिशोबानं जन्मनोंद खोटी आणि मुलगी परकी. तिला पुढच्या यानानं पृथ्वीवर धाडायचं. ज्या पोरीनं पृथ्वी डोळ्यांनीही पाहिली नाही, तिचं हृदय तिथल्या जवळजवळ तिप्पट वजनात किती महिने टिकणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"हिचा जन्म याच घुमटातला," बाई म्हणाल्या. "मी जन्म दिलाय तिला."

"मला माहीत आहे, बाई. पण माणूस कुठं राहिला ते हाड सांगतच नाही. त्यानं कुठल्या मातीतलं खाल्लं, तेवढंच सांगतं."

बाई खाली बसल्या. वेल्ह्याहून भाऊ प्रत्येक यानाबरोबर नाचणीचं सत्त्व पाठवायचा. इथल्या भाजीपाल्यात कॅल्शियम कमी, हलक्या वजनात हाडं ठिसूळ होतात, म्हणून अठरा वर्षं रोज वाटीभर आंबील केतकीला. स्वतः त्यांनी कधी चमचाभरसुद्धा चाखली नव्हती. पोरीची हाडं घट्ट व्हावीत, एवढीच इच्छा होती. झाली घट्ट.

मुजावरांनी आवाज खाली आणून सांगितलं, की नमुना अजून नोंदवलेला नाही. बाईंचाच दुसरा नमुना केतकीच्या नावानं लावता येईल आणि कुणाला कळणार नाही.

 बाईंना मोह झाला, खोटं कशाला बोलायचं! आईच ती. पण त्यांना कवठेकर आठवला. हवेचे पंप सांभाळणारा मेकॅनिक, गुहागरचा. बायकोनं पाठवलेली सुकट रोज चटणीसारखी काट्यांसकट खायचा. त्या वासाच्या तक्रारी अख्खा मजला करायचा, आणि नाकाला पदर लावणाऱ्यांत बाईही होत्या. अकरा वर्षांत एक दिवस घुमट सोडला नाही, असं तो त्यांच्यासमोर हात जोडून सांगत होता. बाईंनी हाडाचं ऐकलं आणि त्याला परत धाडायच्या हुकमावर सही केली. पृथ्वीवर पोचून चौथ्या महिन्यात तो गेला.

"नमुना आहे तसाच नोंदव," बाई म्हणाल्या. "आणि मला कागद दे."

त्या काय लिहिणार ते ओळखून मुजावरांनी सावध केलं. हे लिहिलंत तर शपथविधी थांबेल, तुमचा स्वतःचा दाखलाही रद्द होईल, आणि समिती ऐकेलच याची खात्री नाही. बाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. तपासणी चुकीची आहे, चूक माझी आहे, कलम रद्द करावं. अन्याय झालेल्यांच्या रकान्यात पहिलं नाव सदाशिव कवठेकर यांचं लिहिलं. त्याखाली केतकीचं.

मग सवयीप्रमाणे तीन प्रती काढल्या. एक समितीला, एक केतकीच्या फायलीत. तिसरी पाकिटात घालून बाईंनी त्यावर गुहागरचा पत्ता लिहिला.