पत्रा कसा वाजतो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. मधेच कुणी फिदीफिदी केलं तर मी उठून झोपायला जाईन. ही माझ्याबरोबर काम केलेल्या एका फिटरची गोष्ट. त्यानं मला सांगितली तेव्हा तो प्यायलेला नव्हता, हेही आधीच सांगून ठेवतो.

गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. त्याला थोरल्या भावाची शिडाची बोट तोडायची होती. छत्तीस फुटी, पोलादी. दोघा भावांनी ती भंगारातून उचलून आणली आणि अकरा वर्षं सगळे रविवार तिच्यावर घालवले. पोलाद आतून गंजतं. बाहेरून कितीही रंग फासा, आत पापुद्रे सुटतातच. दादा गेल्यावर ती फुकट देतो म्हटलं तरी कुणी घेईना. भंगारवाला म्हणाला, "तुकडे करून ठेवा, मग नेतो." बोट ज्या आवारात उभी होती, त्याच्या मालकानं शनिवार दुपारपर्यंतची मुदत दिली.

आता खरी गोम ऐका. पत्रा तपासायचा तर हातोडीनं ठोकून बघतात. चांगला पत्रा खणखणतो, कुजका बद्द वाजतो. पण ग्राइंडरपायी दादाचे कान कधीच गेले होते. म्हणून दादा आतून ठोकायचा आणि हा बाहेरून ऐकायचा. पत्रा चांगला असला की हा उलट एक ठोका द्यायचा, कुजका असला की दोन. दादा तळहात पत्र्यावर टेकवून ते ओळखायचा.

अकराव्या वर्षी याची बायको म्हणाली, "पोरांना आठवड्यातनं एकदा तरी बाप दिसू दे." तिचं काय चुकलं? काहीच नाही. पण भावाला तोंडावर "पुरे" म्हणायची याची छाती झाली नाही. त्या रविवारी यानं प्रत्येक पत्र्याला दोन ठोके दिले. सगळे पत्रे खणखणत होते, तरी दोन. दादा बाहेर आला, हातोडी खाली ठेवली. "मग राहू दे," एवढंच म्हणाला. चार महिन्यांत गेला. नीचपणा होता तो. मी त्याला तोंडावर तसं सांगितलं.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी यानं गॅस कटरनं बोटीच्या उजव्या कुशीत दोन हात लांब काप घेतला आणि सिलिंडर संपला. कापाजवळ आतून राहिलेला अस्तराचा फोम तासन्‌तास धुमसतो, म्हणून पाण्याची बादली घेऊन राखणीला बसला. एकटाच.

पावणेबाराला आतून आवाज आला. ठक.

तापलेलं पोलाद निवताना वाजतंच. त्यानं लक्ष दिलं नाही.

ठक. हातभर पुढे.

मग थांबलं...

निवणारं पोलाद उत्तरासाठी थांबत नाही.

"आत बघितलं का?" मीही विचारलं. बघितलं. टॉर्च मारला. कुणी नव्हतं. आणि उजेड पत्र्यावर असतानाच, त्याच पत्र्यावर...

ठक.

तो बाहेर आला. पळणार होता. पळाला नाही. हातोडी घेतली. एक ठोका दिला.

एकच.

काही नाही...

मग पुढचा पत्रा. ठक.

एक.

त्याच्या पुढचा.

एक.

पहाटे चारपर्यंत. अख्खी बोट. तो रडत होता. "चांगला आहे, दादा... सगळे चांगले आहेत..." बहिऱ्या माणसाला सांगत होता.

शेवटचा पत्रा झाला. आवाज थांबला. सुटलो, असं त्याला वाटलं.

सकाळी त्यानं मला बोलावून घेतलं, कारण त्याला स्वतःला कटर धरवेना. मी नवा सिलिंडर जोडला आणि आदल्या संध्याकाळचा काप शोधू लागलो. सापडेना. आत जाऊन बघितलं. कापाच्या जागी वेल्डिंगची शिवण होती. आतून घातलेली, दोन हात लांब, एकसारखी. आवारातली वीज महिन्यापूर्वीच तोडली होती. मशीन तर दादाच्या मागे कधीच देऊन टाकलं होतं.

बाहेर भंगारवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी शिवणीवर तळहात ठेवला.

अजून गरम होती.