पाच सालं एकच नाव

"आज्जी चार दिवस झाले जेवली न्हाय," सृष्टी म्हणाली. "म्हणती, मेलेली मान्सं बोलवायलीत. जायचंच हाय, तर खायचं कशाला?"

मदतनीस रणधीरनं खुर्ची मागं सरकवली. कळंबच्या त्या छोट्या कचेरीत बसून असल्या गूढ गोष्टींचा छडा लावणाऱ्या उम्मेहानीआपांनी मात्र शांतपणे विचारलं, "कसं बोलावतात?"

सृष्टीनं सांगितलं. सास्तूरजवळ त्यांची सहा घरांची वस्ती. भूकंपात पडलेल्या जुन्या गावठाणात, तिथं गेलेल्यांसाठी, दरसाल एका घरानं सांजेला दिवा लावायचा. प्रत्येक घरानं आपल्या नावाची चिठ्ठी घरच्या पिठाच्या गोळ्यात भरून आणायची. सहाही गोळे पाण्याच्या हंड्यात सोडायचे. जी चिठ्ठी आधी तरंगेल, त्या घरानं जायचं. पाच सालं झाली, एकच नाव वर येतंय. शांताक्का, सृष्टीची आज्जी. आणि यंदाची चिठ्ठी आजच निघायची होती, दिवाही आजच लावायचा होता.

रणधीरनं मोबाइलवर गुणाकार केला. "सहा घरं, पाच सालं, सात हजार सातशे शहात्तरात एकदा, आपा! हे माणसाचं काम न्हाय."

"नशिबाचंही नसेल," आपा म्हणाल्या. "गाडी काढ."

गावठाणात भिंती नव्हत्या. एक दाराची चौकट तेवढी उभी होती, आणि वारा तिच्यातूनच आत-बाहेर करत होता.

वस्तीत चिठ्ठ्या लिहायचा वीरप्पा. "लिहितो मी, पण गोळ्यात ज्याची त्यानं घालायची," तो म्हणाला. "आक्काला वरूनच तिकीट आलंय, त्याला मी काय करू?" त्याच्या बायकोनं जेवायला वाढलं. रणधीरनं तीन चपात्या चेपल्या.

हंडा भरायची नीलम्मा. ती उसळलीच. "माज्यावर आळ? उलटा करून बघा की हंडा!" तरी पाहुण्यांना ताट आलंच. रणधीरनं भाकरी मागितली, तशी ती हसली. "थापतंय कोण आता? पाच-सहा वर्सं झाली, सारी वस्ती चपातीवर आली. एक आक्का सोडून."

शांताक्का उंबऱ्यावर बसली होती. शेजारी ज्वारीची भाकरी, तशीच झाकलेली. "मालक तिथंच गेलं, धाकटी लेक तिथंच गेली," ती म्हणाली. "यंदा म्या माघारी यायची न्हाय."

आपांनी वस्ती पारावर बोलावली. वीरप्पाच्या घरचा एक गोळा, शांताक्काच्या घरचा एक, दोन्हींत कोरी चिठ्ठी. गोळे हंड्यात बुडाले. सगळे हंड्यावर वाकले.

थोड्या वेळानं शांताक्काचा गोळा तडकला, भुगा होऊन पसरला. चिठ्ठी वर आली. दुसरा तळाशी गुळगुळीत पडून होता.

"चिठ्ठ्या सारख्या होत्या, पीठ सारखं नव्हतं," आपा म्हणाल्या. "गहू चिकट, पाण्यातही धरून राहतो. ज्वारी सुटते. सगळे ज्वारी आणत होते, तोवर नाव घरोघर फिरत होतं. व्हय ना, नीलम्मा?"

"व्हय की," नीलम्मा पुटपुटली.

"तुम्ही ज्वारी सोडलीत, त्याच सालापासून आक्का. लबाडी कुणीच केली नाही. हाकही कुणी मारली नाही."

"म्हंजी मी दोन घरी पुरावाच खाल्ला!" रणधीर म्हणाला.

मग एकाच पिठाचे सहा गोळे झाले. चिठ्ठी तरंगली, सृष्टीनं ती उलगडली. वीरप्पा.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "सहात एकदा," आपा हळूच म्हणाल्या.  चौकटीतला वारा इथवर ऐकू येत होता.

शांताक्का उठून घरात गेली. बाहेर आली ती तोंड पुसत, शेवटचा घास चावत. तिनं वीरप्पाच्या हाताला धरलं.

"चल लेकरा. म्या येते संगं. वाट माज्या पायाखालची हाय."